फौज कंपनीची, पगार नळदुर्गचा

मे १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. लढाई झाली नव्हती. निजाम तर कंपनीचा जुना दोस्त. मुलूख गेला तो या दोस्तीच्या खर्चापायी. १७९५ मध्ये परांड्यापासून जवळच असलेल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा कंपनी बाजूला उभी राहिली होती. तरी १७९८ मध्ये निजामाने तिच्याशीच करार केला, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या आणि तैनाती फौज घेतली. १८०० च्या तहात या फौजेच्या खर्चासाठी म्हैसूरकडून मिळालेला प्रदेशही देऊन टाकला. खरे तर हिशेब तिथेच मिटायला हवा होता.

पण त्याच तहात एक कलम होते: युद्ध झाले तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला द्यावे. या युद्धकाळापुरत्या मदतीच्या आडून शांततेतही कायम राहणारी एक वेगळी फौज उभी राहिली. तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, शब्द चालायचा हैदराबादेतल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, म्हणजे रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. वर्षाचा खर्च सुमारे ४० लाख रुपये. पगार थकला की कंपनी उसने देई आणि कर्जाच्या खात्यावर चढवी. १८०० च्या तहाने ही फौज कायम पोसण्याचे बंधन निजामावर येत नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने लिहून ठेवले आहे. वसुली मात्र त्याने सोडली नाही. या कर्जापोटीच १८५३ मध्ये मुलूख गेला. मग नळदुर्गला मेडोज टेलर कारभारी म्हणून आला, किल्ल्यातच राहिला आणि इथला शेतसारा कंटिंजंटच्या पगाराकडे वळला. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या सैन्यातून हीच कंटिंजंट झाशीवर चालून गेली. त्या मोहिमेच्या खर्चात धाराशिवच्या शेतकऱ्याचाही वाटा होता आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, करार केला म्हणून निजाम टिकला. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, हैदराबाद १९४८ पर्यंत उभे राहिले. हे खरे आहे आणि हलके समजण्यासारखे नाही. पण टिकली ती गादी. परराष्ट्र व्यवहार, सैन्य आणि अखेर मुलूखही तिच्या हातून निसटत गेला. दुसरा आक्षेप असा, की परकी फौज म्हणजे गुलामीच, असे थोडेच आहे? नाहीच. दक्षिण कोरियात आजही अमेरिकी सैन्य आहे, आणि युद्धकाळात संयुक्त फौजांची सूत्रे अमेरिकी जनरलकडे जातात. तरीही खर्चाचा वाटा मुदतीच्या करारात ठरतो आणि तो करार कोरियाच्या संसदेपुढे मंजुरीसाठी जातो. म्हणून कुठल्याही संरक्षण करारात तोफा किती, यापेक्षा हुकूम कोणाचा, बिल कोणाच्या नावे आणि फौज नको झाल्यास परत पाठवता येते का, हे आधी पाहावे. निजामाला तिन्ही ठिकाणी आवाज नव्हता.

१८५७ च्या उठावात इंग्रजांशी राखलेल्या निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये निजामाला धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, कर्जही माफ झाले. वऱ्हाड राहिले कंपनीच्या वारसदारांकडेच. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला. पुढच्याच वर्षी कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, पण वऱ्हाड काही निजामाकडे परतले नाही.