लिहिता लिहिता अक्षरे जातात कुठे? ईमेल प्रोग्रामचा ‘फोकस’ सुटण्यामागची कारणे

नवी दिल्ली : ईमेलचा मजकूर टंकित होत असतो, नजर कीबोर्डवर असते आणि दोन ओळींनंतर पडद्याकडे पाहिले तर पत्र अर्ध्या शब्दावरच थांबलेले आढळते. कर्सर लुकलुकत नाही, विंडोची शीर्षकपट्टी फिकट झालेली असते. पुन्हा माउसने टिचकी मारावी लागते आणि काही मिनिटांनी तोच प्रकार घडतो. ज्या कार्यालयांचा बहुतेक पत्रव्यवहार ईमेलवर चालतो, तेथे ही तक्रार नवी नाही. अशा वेळी दोष ईमेल प्रोग्रामवर ठेवला जातो, तो काढून नव्याने बसवला जातो. खरा अपराधी बहुधा दुसराच असल्याने त्रास मात्र कायम राहतो.

कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर एका वेळी एकाच विंडोकडे जाते. त्या विंडोकडे ‘फोकस’ आहे, असे संगणकाच्या भाषेत म्हणतात. दुसरा एखादा प्रोग्राम मध्येच पुढे आला, की फोकस त्याच्याकडे जातो आणि बोटे चालू असली तरी अक्षरे पत्रात उमटत नाहीत.

अक्षरे वाया गेली, एवढ्यावर हे थांबले तर फारसे बिघडत नाही. ती दुसरीकडे पोहोचतात, ही अडचण आहे. थंडरबर्ड या प्रोग्राममध्ये पत्र लिहिण्याच्या विंडोऐवजी आलेल्या पत्रांच्या यादीकडे फोकस गेला, तर अक्षरे आज्ञा ठरतात. इंग्रजी ‘ए’ दाबल्यास निवडलेले पत्र संग्रहात हलते, ‘जे’ दाबल्यास ते नको असलेल्या पत्रांत मोडते, ‘के’ दाबल्यास संपूर्ण संभाषण दुर्लक्षित ठरते. निविदेचे किंवा न्यायालयीन तारखेचे पत्र असे नजरेआड झाले, तर ते गेल्याचे लगेच लक्षातही येत नाही. ताबडतोब लक्षात आल्यास कंट्रोल आणि ‘झेड’ ही कळजोडी हलवलेले पत्र परत आणते.

तपासाची पहिली पायरी सोपी आहे. ईमेल प्रोग्राम बंद करून नोटपॅडमध्ये दहा-पंधरा मिनिटे लिहीत राहावे. तेथेही फोकस सुटला, तर ईमेल प्रोग्राम निर्दोष आहे. फक्त ईमेलमध्येच सुटत असेल, तर त्याला जोडलेल्या ॲड-ऑनवर संशय घ्यावा. थंडरबर्डच्या मदत-यादीत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात सर्व ॲड-ऑन बंद ठेवून प्रोग्राम सुरू होतो. त्या अवस्थेत त्रास थांबला, तर एकेक ॲड-ऑन सुरू करत दोषी शोधता येतो.

संशयितांची यादी मोठी आहे. प्रिंटरची शाई कमी झाल्याचे सांगणारा प्रोग्राम, अद्ययावत आवृत्ती शोधणारे घटक, अँटिव्हायरसची सूचना, वीज वरखाली होताच पुढे येणारी यूपीएसची विंडो यांपैकी कोणीही हे करू शकते. सर्वांत अवघड ठरते ती क्षणभर उघडून मिटणारी विंडो, कारण मान वर करेपर्यंत ती नाहीशी झालेली असते. २०१७ मध्ये जगभरातील विंडोज वापरकर्त्यांनी असाच अनुभव घेतला. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणारे पार्श्वभूमीतील एक काम ठरावीक अंतराने चालत असे. त्याची काळी विंडो निमिषभर झळके आणि टंकलेखन तुटे. पुढे कंपनीने ते दुरुस्त केले. त्यामुळे फोकस ठरावीक वेळाने सुटत असेल, तर प्रथम ‘टास्क शेड्युलर’ उघडून त्या वेळी कोणते काम चालले ते पाहावे. तंत्रज्ञाकडून पॉवरशेलची छोटी आज्ञावली चालवून दर सेकंदाला पुढे असलेल्या विंडोचे नाव नोंदवता येते. अंदाजापेक्षा ही नोंद केव्हाही भरवशाची.

विंडोजमध्ये अशा घुसखोरीला अटकाव आहे, तोही विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून. वापरकर्ता टंकलेखन करीत असताना मागच्या प्रोग्रामने पुढे येऊ नये, फार तर टास्कबारवरील आपले बटण चमकवावे, असा हा नियम. त्याचा कालावधी रजिस्ट्रीतील ‘फोरग्राउंड लॉक टाइमआउट’ या नोंदीत असतो आणि मुळात तो २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद असतो. संगणक वेगवान करण्याचा दावा करणारी काही साधने ही नोंद शून्य करून ठेवतात. मग दार सर्वांना उघडे राहते. माउस नुसता वरून फिरवल्याने विंडो सक्रिय करणारी सोयही विंडोजमध्ये आहे. ती चुकून सुरू असेल, तर टेबलाला धक्का लागला तरी फोकस बदलू शकतो. लॅपटॉपवर हाताचा तळवा टचपॅडला लागणे हे याच जातीचे कारण. लिनक्सवरील ‘वेलँड’ ही नवी रचना याबाबत अधिक कडक असून उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून तिला मूळ पसंती दिली आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना फोकस सुटल्याची खूण थोडी वेगळी दिसते. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीसह दहा भारतीय भाषांचे ध्वन्यात्मक कीबोर्ड आले. त्यात शब्द पूर्ण होईपर्यंत तो तात्पुरत्या अवस्थेत असतो. मध्येच फोकस गेला, की शब्द तिथेच तुटतो. प्रत्येक ॲपसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय सुरू असेल, तर विंडो बदलताच मराठीची जागा इंग्रजी घेऊ शकते. भाषा अचानक बदलली, तर आधी पडद्यावर काय पुढे आले ते पाहावे.

अचानक पुढे येणारी पासवर्डची विंडो सर्वांत धोक्याची. ती खरीही असू शकते. गुगलने ३० मे २०२२ पासून आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सचेंज ऑनलाइन सेवेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून केवळ पासवर्डवर चालणारी जुनी प्रवेशपद्धत बंद करण्यास सुरुवात केली. जुन्या मांडणीचा प्रोग्राम तेव्हापासून पुन्हा पुन्हा पासवर्ड मागू शकतो. त्यावर उपाय म्हणजे खात्याच्या मांडणीत ‘ओऑथ’ ही पद्धत निवडणे. मात्र बनावट विंडोही तशीच दिसते. केंद्र सरकारच्या ईमेल सेवेसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने वापरात आणलेल्या ‘कवच’ या पडताळणी ॲपची नक्कल करून सरकारी कर्मचाऱ्यांना फसवण्याचे प्रयत्न सायबर सुरक्षा संशोधकांनी २०२२ मध्ये उघड केले होते. लिहिण्याच्या ओघात समोर आलेल्या चौकटीत पासवर्ड टाकू नये. ती बंद करावी, ईमेल प्रोग्राम स्वतः उघडावा आणि तो पुन्हा विचारतो का ते पाहावे. पासवर्ड देऊन झाला असल्यास तो दुसऱ्या उपकरणावरून तत्काळ बदलावा आणि कार्यालयाच्या तंत्रविभागाला कळवावे. आर्थिक फसवणूक झाली असेल, तर राष्ट्रीय मदतक्रमांक १९३० आहे.

दोषी सापडेपर्यंत लिहिलेला मजकूर वाचवण्याची सोय हाताशीच आहे. थंडरबर्ड दर पाच मिनिटांनी, तर आउटलुकची जुनी आवृत्ती तीन मिनिटांनी मसुदा आपोआप साठवते. ही मुदत सेटिंग्जमध्ये एका मिनिटावर आणता येते.