जुहूच्या कोळीवाड्यांतील पुरुषांचे श्रम व प्रतिष्ठा

आधुनिक अर्थव्यवस्थेत पुरुषांच्या व मुलग्यांच्या वाट्यास येणाऱ्या अडचणींचा विचार अलीकडे अनेक देशांत होऊ लागला आहे. रिचर्ड रीव्ज ह्यांचा ‘ऑफ बॉईज अँड मेन’ हा ग्रंथ २०२२ साली प्रसिद्ध झाल्यानंतर ह्या चर्चेस विशेष चालना मिळाली. तथापि लोकव्यवहारात ही चर्चा बहुधा ‘स्त्रिया पुढे गेल्या, म्हणून पुरुष मागे पडले’ अशा एका सोप्या समीकरणापाशी येऊन थांबते. जुहूच्या कोळी वस्त्यांकडे पाहिले असता हे समीकरण टिकत नाही असे दिसून येते. ते का टिकत नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुहू म्हणजे चौपाटी, हॉटेले व चित्रपटसृष्टीतील नामवंतांचे बंगले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु १९२८ साली येथे विमानतळ झाला त्याच्याही पुष्कळ आधीपासून ह्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती आहे. दक्षिणेकडील जुहू कोळीवाडा व उत्तरेकडील मोरागाव ह्या तिच्या आजच्या खुणा होत. मुंबईच्या सोनकोळ्यांवरील विजया पुणेकर ह्यांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा समाज आपल्या अभ्यासकांस अपरिचित नाही.

ह्या समाजातील श्रमविभागणी प्रसिद्धच आहे. पुरुषाने समुद्रावर जावे, स्त्रीने मासळी बाजारात न्यावी. विक्रीचा पैसा स्त्रीच्या हाती येत असल्यामुळे घरखर्चाचा कारभारही पुष्कळ अंशी तीच पाहते. कोळीण घराबाहेर पडून कमवू लागली ती काही कालपरवा नव्हे. शहर तिला पिढ्यान्‌पिढ्या पाटी घेऊन फिरताना पाहत आले आहे. ह्या व्यवस्थेत पुरुषाचा मान कमी झाला नव्हता. होडीवरील तांडेलाचा शब्द अखेरचा मानला जाई, कारण माणसांचे प्राण व जाळ्यांचे मोल त्याच्या निर्णयावर अवलंबून असे. तेव्हा स्त्रीची कमाई हे पुरुषाच्या आजच्या अडचणीचे कारण असू शकत नाही. ते दोघांच्या कसबांच्या स्वरूपात शोधले पाहिजे.

पुरुषाचे कसब विशिष्ट पाण्याशी बांधलेले असते. उधाणाच्या भरतीचा जोर किती, भांगाच्या दिवसांत जाळे कोठे टाकावे, तळाशी चिखल कोठे व खडक कोठे, वारा फिरला तर किती वेळात किनारा गाठता येईल, हे ज्ञान मुलगा वडिलांबरोबर होडीत बसून मिळवितो. शाळेत ते शिकविले जात नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळत नाही. स्त्रीचे कसब ह्याहून निराळे. मासळीची पारख, लिलावातील बोली, उधारी व गिऱ्हाईक ह्यांचे ज्ञान कोणत्याही मासळीला लागू पडते. घरच्या होडीत मासळी आली नाही, तर कोळीण ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर जाऊन ती विकत घेते व आपल्या ठरलेल्या जागी विकते. नफा घटतो, परंतु धंदा चालू राहतो. पुरुषास मात्र दुसऱ्याचा समुद्र विकत घेता येत नाही.

जुहूचे हे जवळचे पाणी गेल्या काही दशकांत झपाट्याने निकृष्ट झाले. जुहूचा किनारा उघडा व सपाट वाळूचा असल्यामुळे वेसाव्याच्या खाडीप्रमाणे मोठ्या यांत्रिक नौकांना येथे आसरा नाही. मासेमारी लहान होड्यांचीच राहिली. साहजिकच किनाऱ्यालगतची मासळी हाच तिचा आधार. इर्ला नाल्यावाटे उपनगरांचे सांडपाणी ह्याच पाण्यात येते. दूरवर ट्रॉलर व पर्ससीन जाळी मासळीचे थवे किनाऱ्यापाशी येण्यापूर्वीच ओढून नेतात. पर्ससीनवर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध घातले, ते ह्याच कारणास्तव. आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूची आखणीही ह्याच भागातून झाली असून त्याचा एक जोडरस्ता जुहू कोळीवाड्यापाशी उतरावयाचा आहे.

ह्याचा परिणाम मुलाच्या आयुष्यावर कसा होतो? वडिलांपाशी देण्याजोगे जे होते, त्यास आता बाजार नाही. शाळेने जे द्यावयाचे, त्यात मुलगा अर्धवट राहिला, तर त्याच्यापुढे पहारेकरी, वाहनचालक किंवा घरपोच माल पोहोचविणारा ह्यांसारखीच कामे उरतात. ह्या कामांत तो शून्यापासून आरंभ करतो. दर्यावरील चार पिढ्यांचा अनुभव तेथे हिशेबात धरला जात नाही. मिळकत कदाचित वडिलांच्या इतकीच असेल. परंतु ‘नाखवा’ म्हणून हाक मारणारे कोणी नसते. आर्थिक प्रश्न व प्रतिष्ठेचा प्रश्न येथे एकत्र येतात.

व्हिएन्नाजवळील मारिएंथाल ह्या गावातील कापडगिरणी बंद पडल्यानंतर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल ह्यांनी तेथील बेकारांचा अभ्यास केला. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रस्त्याने चालणाऱ्यांची गतीही मोजली होती. पुरुष सावकाश चालत व वारंवार थांबत. स्त्रियांची गती अधिक होती. मजुरी दोघांचीही गेली होती. परंतु घरकामामुळे स्त्रीच्या दिवसाला आकार राहिला, पुरुषाच्या दिवसाला तो राहिला नाही. जुहूचा पुरुष तसा बेकार नाही. तरीही भरती-ओहोटीने आखलेला त्याचा दिवस मोडला, ही गोष्ट मारिएंथालची आठवण करून देते.

ह्यावरून कोळी स्त्रीची स्थिती सुखाची आहे, असा अर्थ कोणी काढू नये. विकत घेतलेल्या मासळीवर नफा थोडा, मंडईतील जागेची शाश्वती कमी, आणि घरातील दुसरी मिळकत घटल्याचा भार तिच्यावरच. पुरुषाचे नुकसान हा स्त्रीचा लाभ ठरलेला नाही. एकाच घराची एक बाजू ढासळली व दुसरीवर ओझे वाढले, एवढेच घडले आहे.

संशोधकांच्या दृष्टीने ह्यातून एक सूचना निघते. पुरुषांच्या प्रश्नाचा अभ्यास करताना केवळ उत्पन्न व रोजगार ह्यांची नोंद पुरेशी नाही. बापापाशी कोणते कसब होते, ते कशाशी बांधलेले होते, आणि मुलाच्या हाती त्यातील किती आले, ह्या तीन गोष्टी कुटुंबाकुटुंबातून नोंदविल्या पाहिजेत. जुहूच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या मोजणे सोपे आहे. त्या हाकण्याची विद्या अवगत असलेल्या व ती शिकण्यास इच्छुक मुलगा नसलेल्या माणसांची गणना करणे अधिक निकडीचे आहे, आणि त्यासाठी हाती असलेला काळ फार नाही.