बांडगुळाची गुणसूत्रे

कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर दाबून गुणसूत्रे पाहण्याचा प्रयोग आम्ही दरवर्षी प्रयोगशाळेत घेतो. यंदा तो चालू असताना नववीतल्या एका मुलाने खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, बांडगुळाला जमिनीत मूळच नाही, मग त्याची गुणसूत्रे कुठे बघायची?" प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना आम्हालाच बरेच नवे कळले.

पार्सेतल्या बागायतदारांना बांडगुळाची ओळख करून द्यायला नको. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो, चिकट बी आंब्याच्या किंवा चिकूच्या फांदीला लागते, चूषक मुळे लाकडात शिरतात आणि फांदीचा पुढचा भाग हळूहळू वाळू लागतो. बांडगुळाची पाने हिरवी असतात. ते अन्न स्वतः तयार करते, पाणी व क्षार मात्र झाडाचे घेते. अमरवेल याच्याही पुढची. तिला पाने नाहीत, आणि अन्नही ती जवळजवळ सगळे आयतेच घेते. (किनाऱ्यावरच्या वाळूत पसरणारी तशीच दिसणारी वेल ही नव्हे. ती दालचिनीच्या कुळातली, तर अमरवेल रताळ्याच्या.)

आयते खाणाऱ्याला कामे कमी, म्हणजे त्याची आनुवंशिक सामग्रीही थोडीच असणार, असे आम्हाला वाटत होते. ते अर्धेच खरे निघाले. अमरवेलीच्या दोन जातींचा संपूर्ण डीएनए २०१८ साली वाचला गेला, तेव्हा इतर वनस्पतींत हमखास आढळणारी अनेक जनुके त्यांत नाहीशी झालेली दिसली. पण जनुके गेली म्हणून डीएनए कमी झाला असे नाही. २०२१ साली अमरवेलीच्या बारा जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका जातीच्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची सुमारे ३४ कोटी अक्षरे होती, तर दुसरीच्या संचात सुमारे ३,४७३ कोटी. माणसाच्या एका संचात सुमारे ३१० कोटी असतात. एकाच प्रजातीत शंभरपटींहून अधिक फरक! ही भर मुख्यतः पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांची आहे. यांतले कित्येक तुकडे स्वतःच्या नकला काढून गुणसूत्रात भलत्याच ठिकाणी चिकटवत जातात.

युरोपातल्या बांडगुळाची, म्हणजे व्हिस्कम आल्बमची, गोष्ट तर विश्वास बसू नये अशी. त्याच्या एका संचात सुमारे ९,००० कोटी अक्षरे आहेत. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दोन्ही संच मिळून एका पेशीतला धागा उलगडून सरळ केला, तर सुमारे ६० मीटर भरतो, म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या. माणसाच्या पेशीतला धागा सुमारे २ मीटरच असतो. हे ६० मीटर अवघ्या २० गुणसूत्रांत, प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून, डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात बसवलेले असतात. मात्र याचे सारे खापर परजीवीपणावर फोडता येत नाही. स्वतःच्या मुळांवर जगणाऱ्या कांद्याचा डीएनएही माणसाच्या सुमारे पाचपट आहे.

गुणसूत्रांची ठेवणही पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या गुणसूत्राला एका जागी कंबर असते, तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. पेशी विभागताना ओढणारे धागे तिथेच जोडले जातात. गुणसूत्र तुटले तर बिंदू नसलेला तुकडा मागे राहून हरवतो. अमरवेलीच्या एका उपगटात मात्र अशी एकच कंबर नाही. धागे गुणसूत्राच्या सबंध लांबीवर जोडले जातात. त्यांचा मूळ संच ७ गुणसूत्रांचा, तर एका बिंदूच्या जातींचा १५ किंवा १६ चा. आपल्याकडे दिसणारी अमरवेल एका बिंदूचीच, आणि तिची गुणसूत्रे चांगली मोठी आहेत.

आता आंब्यावरचे बांडगूळ. याच्या कुळातल्या जुन्या शाखांत गुणसूत्रांचा संच १२ चा असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातला एक वृक्ष याच कुळातला आहे. तो जमिनीत उभा राहून इतर झाडांच्या मुळांतून पाणी घेतो, आणि त्याचा संच १२ चा आहे. फांद्यांवर वाढणाऱ्या मोठ्या शाखेत हा संच ९ वर आला. बारलो आणि वीन्स या अभ्यासकांनी १९७१ साली अशा मोजण्या एकत्र करून हा क्रम मांडला. आपल्या बांडगुळाचा संच ९ चा, म्हणजे पेशीत १८ गुणसूत्रे. बारा खंडांचा ग्रंथ नऊ खंडांत बांधावा तसे हे झाले. खंड कमी झाले म्हणून मजकूरही तेवढ्या प्रमाणात घटला असे समजू नये.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. मुळाचे टोक नसेल तर कोवळी कळी घ्यायची. तिच्यातल्या परागकोशात परागकण तयार होत असताना पेशी विभागत असतात, आणि तिथे गुणसूत्रांच्या ९ जोड्या दिसायला हव्यात. कळी फार लहान किंवा फार मोठी असली तर काहीच दिसत नाही. योग्य वेळ साधायला दहा-वीस कळ्या वाया घालवाव्या लागतात.

म्हणून पालकांना एक विनंती. बांडगूळ काढताना ते नुसते ओरबाडू नये. चूषक मुळे लाकडात राहिली की ते पुन्हा फुटते. ते बसले आहे त्याच्या खालून, म्हणजे खोडाच्या बाजूने, फांदी कापावी. आणि त्यावर बारीक कळ्या असतील तर एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच सकाळी मुलांबरोबर शाळेत पाठवावी.