काठी आणि दोरी यांचे गणित

इंदूरकरांस नर्मदा परकी नाही. बडवाह, ओंकारेश्वर, महेश्वर येथे पर्वणीस स्नानाला जाण्याचा परिपाठ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. याच नदीच्या खडकाळ डोहांत महसीर राहतो. निमाडात त्याला 'बाडस' म्हणतात. मध्य प्रदेशाने २०११ साली त्यास राज्यमत्स्याचा मान दिला.

विद्यार्थीदशेत, १९८८ च्या हिवाळ्यात, आम्ही बांबूची काठी व बारीक नायलॉनची दोरी घेऊन नर्मदाकाठी गळ टाकून बसलो होतो. मासा लागला, प्रवाहाच्या दिशेने धावला आणि दोरी तुटली. आम्ही हळहळलो ते मासा हातचा गेला म्हणून. शेजारचा वृद्ध नावाडी मात्र म्हणाला, "भैया, काँटा तो उसी के मुँह में रह गया!" ते शब्द आम्हांस आजही बोचतात.

इंग्लंडच्या ट्रेंट, हॅम्पशायर एव्हन या नद्यांत 'बार्बेल' नावाचा मासा आहे. तो महसीरच्याच गोत्रातला. दोघांच्याही तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, दोघांसही वाहत्या पाण्याची ओढ. तेथील गळ टाकणाऱ्यांचा एक साधा हिशेब ध्यानी ठेवण्याजोगा आहे. काठीचा शेंडा मुठीशी काटकोनात वाकण्यास जितके वजन लागते, त्याच्या सुमारे पाचपट ताण सोसणारी दोरी त्या काठीस शोभते. बार्बेलसाठी पावणेदोन पौंडांची काठी घेतात. तिला आठ-नऊ पौंडांची दोरी जुळते. महसीर अधिक बलवान, म्हणून तीन पौंडांची काठी व पंधरा पौंडांची, म्हणजे सुमारे सात किलोंची दोरी घ्यावी. खडक फार असल्यास थोडी अधिक.

यामागील कारण उघड आहे. काठी वाकते आणि माशाचा हिसका आपल्या अंगी झेलते. काठी फार ताठ व दोरी बारीक असेल, तर सारा हिसका दोरीवर येतो. उलट काठी लवचीक व दोरी जाड असेल, तर काठीच मोडते. दोरी तुटते ती बहुधा गाठीशी किंवा खडकावर घासल्या ठिकाणी. म्हणून गाठ ओली करून आवळावी आणि शेवटची हातभर दोरी वरचेवर बोटांनी चाचपावी. खरखरीत लागल्यास कापून टाकावी.

बारीक दोरीने मासा खेळविण्यात कौशल्य आहे, असे काहींस वाटते. आम्हांस ते पटत नाही. झुंज लांबली की मासा थकतो, आणि सोडून दिला तरी पुष्कळदा जगत नाही. त्यास पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून, स्वतः निसटेपर्यंत हलकेच धरावे.

धरणांनी वाहते पाणी अडविल्यापासून महसीर विरळ झाला आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीबंदीचा काळ कटाक्षाने पाळावा, परवान्याचे नियम आधी विचारून घ्यावेत, आणि लागलेला महसीर नर्मदेस परत करावा. पुरेशी बळकट दोरी हे त्या परतीचे पहिले साधन होय.