मातृभाषेचा दाखला आणि वैद्यकीय प्रवेश

बेंगळूरच्या यशवंतपूर स्थानकापासून थोड्याच अंतरावर, मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवर कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या आदी अभ्यासक्रमांचे प्रवेश येथून चालतात. प्रवेशाच्या अटी म्हटले की गुण आणि विषय एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. परंतु या कार्यालयाच्या नियमावलीत एक अट अशी आहे की जिचा विचार भाषेच्या अभ्यासकांनीच करावयास हवा.

जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज हे तालुके महाराष्ट्रात आहेत. तेथे शिकलेल्या कन्नडभाषक विद्यार्थ्याला 'गडिनाडू कन्नडिग', म्हणजे सीमाभागातील कन्नडभाषक, या नात्याने कर्नाटकाच्या राज्य कोट्यातील जागा मागता येते. त्यासाठी त्याला कन्नड भाषेची एक प्राथमिक स्वरूपाची परीक्षा द्यावी लागते. मातृभाषा तुळू किंवा कोडव असली तरी नियमाला ती चालते. परीक्षा मात्र कन्नडचीच. मातृभाषा म्हणजे घरची बोली की राज्याची भाषा, या प्रश्नाचे उत्तर नियमाने असे परस्परच देऊन टाकले आहे.

सीमेच्या अलीकडेही याचे प्रतिबिंब दिसते. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या 865 गावांतील, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रानेही प्रवेशाची वेगळी सोय ठेवली आहे. येथे परीक्षा नाही. रहिवासाचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडला की पुरे. 1956च्या राज्यपुनर्रचनेतून निघालेला आणि 1967च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही न मिटलेला तंटा 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रवेशाच्या नियमावल्यांत मात्र दोन्ही राज्यांनी आपापला नकाशा केव्हाच रेखून ठेवला आहे. एक राज्य भाषा येते की नाही हे तपासते, दुसरे ती कोणाची आहे हे लिहून घेते. ही तफावत केवळ कार्यपद्धतीची नव्हे. पहिल्या ठिकाणी भाषा हे कौशल्य ठरते, दुसऱ्या ठिकाणी कूळ.

आणि ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात त्या घराचे काय? द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांना 1973चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो कन्नड कवितेसाठी. त्याच धारवाडात राहून जी. ए. कुलकर्णी मराठी कथा लिहीत होते. बेंद्र्यांनी अर्जातील मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले असते, हा प्रश्न गमतीचा वाटेल. पण निपाणीच्या किंवा जतच्या मुलांपुढे तो खराखुरा येतो, आणि रकान्यात दोन भाषांना जागा नसते.

यापुढची गुंतागुंत देशपातळीवरची आहे. पदवीसाठीची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा 2021पासून 13 भाषांतून घेतली जाते. त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. मात्र मराठी प्रश्नपत्रिका केवळ महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते आणि कन्नड केवळ कर्नाटकातील केंद्रांवर. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या बेळगावच्या मुलीला स्वतःच्या भाषेत प्रश्न वाचावयाचे असतील तर सीमा ओलांडून यावे लागते. घराजवळचे केंद्र घेतले तर मराठी सोडावी लागते. तिची मातृभाषा महाराष्ट्राला दाखल्यावर मान्य आहे, पण तिच्या स्वतःच्या गावी ती परीक्षेची भाषा नाही.

पदव्युत्तर पायरीवर हा सगळा प्रश्नच नाहीसा होतो. तेथील प्रवेश परीक्षा फक्त इंग्रजीत होते. शिवाय पदव्युत्तर वैद्यकीय जागांवर रहिवासाच्या आधारे आरक्षण ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये दिला. संस्थेतील विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा तेवढी राहिली. समान संधीच्या दृष्टीने या निर्णयाला आक्षेप घेणे कठीण आहे. पण म्हणजे स्त्रीरोग किंवा मनोविकार या शाखांत, जेथे निदानाचा निम्मा भाग रुग्णाच्या बोलण्यात असतो, तेथे प्रवेश देताना भाषेची चौकशी कोणीच करीत नाही. पदवीच्या आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचे काही तास असतात, एवढेच. मातृभाषेच्या दाखल्यावर विद्यार्थ्याचे नाव असते. खाटेवरची बाई कोणती भाषा बोलते, यासाठी अर्जात रकाना नाही.