ठोकळ्यांची आगगाडी : तिची गति आणि तिची किंमत

चिखलदऱ्याच्या पठारावर आगगाडी कधींच चढली नाहीं. मात्र त्या डोंगराच्या दोन अंगांस दोन लहान लोहमार्ग होते. दक्षिणेस, पायथ्याच्या बाजूला, अचलपूर येथें अरुंद रुळांचा मार्ग येऊन थांबे. आणि पश्चिमेकडे अकोल्याहून खांडव्यास जाणारा मीटरगेजचा मार्ग मेळघाटच्या रानांतून सातपुडा ओलांडी. पहिल्या मार्गावरील गाडी ‘शकुंतला’ या नांवानें वऱ्हाडांत घरोघर ठाऊक होती. दुसऱ्या मार्गावर धुळघाट येथें रूळ वेटोळें घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून वर जात. आज शकुंतला धावत नाहीं, आणि मेळघाटांतील मीटरगेजच्या गाड्याहि बंद झाल्या आहेत. ज्या घरांतील वडील मंडळींनीं या गाड्यांतून प्रवास केला, त्याच घरांतील नातवंडांस ही गाडी आतां दाखवावयाची कशी, असा प्रश्न उरला आहे.

एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची आगगाडी हें त्याचें एक उत्तर होय. चित्र पाहतां येतें, परंतु ठोकळ्यांची गाडी मुलाला स्वतःच्या हातानें जुळवितां येते, मोडतां येते आणि पुन्हां उभी करतां येते. तथापि अशी गाडी करूं पाहणारा हौशी गृहस्थ लवकरच दोन अडचणींत सांपडतो. तिच्यांत चालना कोठून आणावी, ही पहिली. आणि तिची वाजवी किंमत कोणती, ही दुसरी. या दोन अडचणी वरवर निराळ्या दिसतात, पण त्यांचा एकमेकींशीं निकट संबंध आहे.

या खेळण्याचें मूळ डेन्मार्क देशांतील बिलुंद या गांवीं आहे. तेथील ओले किर्क क्रिस्तियान्सन या सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. पुढें त्याच्या ‘लेगो’ कारखान्यानें प्लॅस्टिकचे ठोकळे काढले, आणि आज ज्या रीतीनें ते एकमेकांत बसतात तिचें पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजीं नोंदविलें. ठोकळ्याच्या माथ्यावर ज्या गोल गुंड्या असतात त्यांतील अंतर ८ मिलिमीटर, आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. हीं मापें तेव्हांपासून बदललेलीं नाहींत. म्हणून आजोबांचा ठोकळा नातवाच्या ठोकळ्यावर आजहि बसतो. पेटंटाची मुदत संपल्यावर इतर कारखानेहि त्याच मापाचे ठोकळे करूं लागले. पुढें येणाऱ्या किंमतीच्या विचारांत ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ठोकळ्यांच्या गाडीला मोटार प्रथम १९६६ सालीं मिळाली. ती साडेचार व्होल्टची असून तिचे सेल गाडींतच ठेवावे लागत. १९६९ सालीं १२ व्होल्टची पद्धति आली. तिच्यांत रुळांच्या मधोमध वीज वाहणाऱ्या पट्ट्या असत. १९९१ सालीं ९ व्होल्टची गाडी निघाली आणि मधल्या पट्ट्या गेल्या. धातूचे दोन रूळ हेच विजेचे दोन वाहक झाले. २००६ नंतर धातूचे रूळ मागें पडले, सेल पुन्हां गाडींत आले, आणि गाडी दुरून हुकूम देऊन चालविण्याची सोय झाली. २०१८ पासूनच्या पद्धतींत हा हुकूम घरांतील भ्रमणध्वनीवरूनहि देतां येतो.

यांतून निवड करावयाची ती आपल्या मार्गाकडे पाहून. धातूच्या रुळांवर गाडी हलकी राहते आणि सेल बदलण्याची कटकट नसते. पण त्यांत एक सापळा आहे. गाडी एका फांद्यावरून शिरून, वळसा घेऊन, त्याच मार्गावर उलट तोंडानें परत आली, तर तिचा डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो आणि विजेचे दोन्ही वाहक एकमेकांस भिडतात. धुळघाटासारखें वेटोळें मात्र निर्धास्तपणें करतां येतें. तेथें रूळ स्वतःला मिळत नाहीं, पुलावरून स्वतःला ओलांडतो. डावा रूळ शेवटपर्यंत डावाच राहतो. ज्यास उलट वळसा हवा असेल त्यानें सेलवर चालणारी गाडी घ्यावी, हें सोपें. अशा गाडींत बहुधा सहा सेल लागतात. साधे सेल दीड व्होल्टचे, म्हणून सहांचे ९ व्होल्ट होतात. पुन्हां भरतां येणारे सेल सव्वा व्होल्टांहूनहि किंचित् कमी, म्हणजे १.२ व्होल्टचे, म्हणून त्यांचे ७.२ व्होल्टच होतात. गाडी मंद झाली म्हणून मोटारीस दोष देण्यापूर्वीं हें गणित मांडून पाहावें.

आतां मापाचा प्रश्न. शकुंतलेचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराचे. ठोकळ्यांच्या गाडीच्या रुळांतील अंतर सुमारें ३८ मिलिमीटर असतें. ७६२ ला ३८ नें भागिलें तर २० येतात. अर्थात् रुळांच्या हिशेबानें ही प्रतिकृति मूळ गाडीच्या विसाव्या हिश्शाची व्हावयास पाहिजे. परंतु मूळ डबा दोन मीटर रुंद धरला तर विसाव्या हिश्शानें तो १० सेंटिमीटर रुंद होतो, आणि त्याचे ठोकळे व त्यांचें ओझें दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणून हौशी लोक बहुधा चाळिसावा हिस्सा किंवा त्याहून लहान माप धरतात. मग डबा ५ सेंटिमीटरचा, म्हणजे सहा गुंड्यांच्या रुंदीचा, सुटसुटीत होतो. पण रूळ असावे त्याच्या दुप्पट रुंद दिसतात, आणि अरुंद मार्गाची शकुंतला मोठ्या मार्गाच्या गाडीसारखी पाय फांकून उभी राहते. यावर उपाय दोनच. एक, हा दोष पत्करून डबा उंचीला किंचित् अधिक घ्यावा. दुसरा, अरुंद रूळ निराळे करून घ्यावे. दुसऱ्या उपायानें गाडी हुबेहूब होते, परंतु तयार मोटार तिला बसत नाहीं आणि खर्च वाढतो.

गतीच्या बाबतींत तर हौशी माणसें हमखास फसतात. शकुंतला ताशीं २० किलोमीटरच्या आसपास धावे. चाळिसाव्या हिश्शाच्या गाडीनें तशीच चाल दाखवावयाची तर तिनें एका सेकंदांत अवघे १४ सेंटिमीटर जावें. १६ वाकडे आणि ८ सरळ रूळ जोडून जो लंबगोल होतो त्याची लांबी सुमारें ३ मीटर. तो फिरण्यास तिला सुमारें २२ सेकंद लागले पाहिजेत. बाजारी मोटार याहून पुष्कळच वेगानें पळते. तिचा वेग केवळ वीज कमी करून उतरविला तर तिची ताकद जाते आणि ती वळणावर अडते. खरा उपाय दातेरी चक्रांचा. आठ दात्यांच्या चक्रानें चोवीस दात्यांचें चक्र फिरविलें म्हणजे वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि ओढण्याचें बळ, घर्षणांत जाईल तें वजा करून, जवळजवळ तिप्पट होतें. मोटार आणि सेलांची पेटी हीं ओढणाऱ्या चाकांच्या वरच ठेवावीं. कारण चाक रुळाला धरून राहतें तें वजनानें. चाकांस रबरी कडें घातल्यास तें अधिक चांगलें धरतें.

घाट करावयाचा असेल तर चढाचें गणित अगोदर केलेलें बरें. गाडीखालून गाडी जाण्यास बारा ठोकळ्यांची, म्हणजे ११५ मिलिमीटरची उंची लागते असें धरूं. नेहमींच्या वाकड्या सोळा रुळांचें वर्तुळ सुमारें २ मीटर लांबीचें असतें. एका वेढ्यांत एवढी उंची गांठावयाची तर चढ सतरांस एक पडतो. भोर घाटांत खऱ्या गाडीला सदतिसांस एक या चढावर मागून दुसरीं इंजिनें लावावीं लागतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे खेळण्यावर आपण केवढा भार टाकतों तें कळेल. १ किलोग्राम वजनाच्या गाडीला या चढावर केवळ वर चढण्यासाठीं ५७ ग्रामांचा अधिक ओढ लागतो. वळणाचें घर्षण आणखी निराळें. कांहीं कारखाने १०४ गुंड्यांच्या त्रिज्येचे विस्तृत वाकडे रूळ करतात. त्यांच्या एका वेढ्याची लांबी सव्वापांच मीटर होते आणि चढ पंचेचाळिसांस एक असा सौम्य होतो. मात्र त्यास दिवाणखाना मोकळा करावा लागतो. धुळघाटास ज्यांनीं मार्ग आंखला त्यांच्यापुढेंहि हाच पेंच होता : चढ सौम्य हवा तर लांबी वाढली पाहिजे, आणि लांबीला जागा नसेल तर रूळ वेटाळला पाहिजे.

आतां किंमतीकडे वळूं. अशा गाडीची किंमत ठोकळे मोजून ठरविण्याची पुष्कळांस संवय आहे. ती किती फसवी आहे तें एका उदाहरणानें दिसेल. त्यांतील आंकडे बाजारभाव नव्हेत, केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. एक इंजिन व दोन डबे यांस ६०० ठोकळे लागले आणि सरासरी भाव ६ रुपये पडला, तर ३,६०० रुपये झाले. रंग चुकलेले, न मिळालेले व वायां गेलेले यांसाठीं दहावा हिस्सा, म्हणजे ३६० रुपये धरावे. मोटार, सेलांची पेटी व चालविण्याचें साधन ४,५०० रुपये. २४ रूळ, प्रत्येकीं १२० रुपये, मिळून २,८८० रुपये. जुळणी, चांचणी आणि दुरुस्ती यांचे २० तास, ताशीं १५० रुपयांनीं ३,००० रुपये. बांधणी व टपाल ५०० रुपये. एकूण १४,८४० रुपये. ज्या ठोकळ्यांवरून किंमत ठरवावयाची म्हणतात, ते या बेरजेच्या चौथाईहि नाहींत.

शिवाय या यादींत आंखणीचे श्रम आलेच नाहींत. जुन्या छायाचित्रांवरून इंजिनाची घडण ठरविण्यास ६० तास लागले, तर त्याच दरानें ९,००० रुपये होतात. दहा गाड्या विकल्या गेल्या तर प्रत्येकीवर ९०० रुपये पडतात. एकच विकली गेली तर सगळा भार तिच्यावर. कारखान्याची गाडी स्वस्त आणि कारागिराची महाग कां, याचें उत्तर या भागाकारांत आहे. जो कारागीर स्वतःचे तास धरीत नाहीं तो गिऱ्हाइकावर उपकार करीत नाहीं. तो दोन गाड्या करून थकतो आणि तिसरी करीत नाहीं.

परदेशी मालावर जकातीचा भार असतो. आपल्याकडे खेळण्यांवरील आयात जकात २०२० सालीं शेंकडा २० वरून ६० झाली, आणि २०२३ सालीं ७० झाली. यामुळें परदेशांतील छापील किंमत पाहून येथील दुकानदारास लुटारू ठरविणें न्यायाचें नाहीं. त्याच मापाचे दुसऱ्या कारखान्यांचे ठोकळे घेतल्यास खर्च उतरतो; मात्र ते घट्ट बसतात कीं नाहीं हें थोडे घेऊन पाहावें, आणि विकतांना तसें स्पष्ट सांगावें. मोटारीच्या बाबतींत काटकसर सर्वांत शेवटीं करावी.

जुना संच घेतांना परीक्षा कडक हवी. पांढरे व करडे ठोकळे उन्हानें पिवळे पडतात. धातूच्या रुळांवर मळ चढला कीं गाडी थबकत चालते. मळ पुसतां येतो, परंतु झिजलेला मुलामा परत येत नाहीं. ९ व्होल्टचे धातूचे रूळ व मोटारी मूळ कारखाना आतां करीत नाहीं, म्हणून त्यांस ठोकळ्यांहून अधिक भाव येतो. मोटार विक्रेत्यासमोर दहा मिनिटें ओझ्यासह चालवून पाहावी. नुसतें चाक फिरलें म्हणजे मोटार चांगली, असें नव्हे.

विकण्यासाठीं गाड्या करणारानें कायदाहि पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह लागतें. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांस त्यांत सूट आहे. चिन्ह असो वा नसो, डबे जोडणारीं चुंबकें बंदिस्त असावीं. दोन सुटीं चुंबकें लहान मुलानें गिळलीं तर तीं आंतड्याच्या भिंतींतून एकमेकांस ओढतात आणि प्राणावर बेततें. गाडीचें सौंदर्य याच्यापुढें गौण होय.

शकुंतलेचें वाफेचें इंजिन मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालें होतें. सुमारें सत्तर वर्षें राबून तें १९९४ सालीं डिझेलच्या इंजिनास जागा देऊन निवृत्त झालें. मूर्तिजापुराहून अचलपुरास ७६ किलोमीटर आणि यवतमाळास ११३ किलोमीटर, असा तिचा संसार होता. पुण्यास भाऊ जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून लघुरेल्वेचें संग्रहालय उभें केलें, तें १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. एका माणसाचा छंद एका शहराचा ठेवा होऊं शकतो, हें त्यावरून दिसतें. वऱ्हाडांतील एखाद्या घरच्या मेजावर सहा गुंड्यांच्या रुंदीची शकुंतला सेकंदाला १४ सेंटिमीटर या आपल्या मूळच्या संथ चालीनें निघाली, आणि ती करणाराच्या श्रमाचें मोल कोणीं घासाघीस न करतां दिलें, तर तिच्यामागून दुसरी गाडी निघण्यास उशीर लागणार नाहीं.