कलम ३१ ची भीती, कलम २४ ची खिडकी

प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा तरी ‘स्टार ट्रेक’वेडा असतोच. त्याला ‘सेक्शन ३१ म्हणजे काय रे?’ असं विचारून बघा. तासभर सुटका नाही! आपण थोडक्यात आटपू.

काळ २४ व्या शतकाचा. माणूस ताऱ्यांपर्यंत पोचलाय. पृथ्वी आणि दीडशेच्या आसपास ग्रह मिळून एक सरकार चालवतात. त्याचं नाव फेडरेशन. गरिबी संपलेली, सगळ्यांना समान हक्क, एकदम आदर्श कारभार. पण याच सरकारच्या पोटात एक गुप्तचर संस्था दडलेली आहे. तिच्या नावाची पाटी कुठे नाही की तिचं ऑफिस कुणाला माहीत नाही. स्टारफ्लीटच्या मूळ सनदेतलं कलम ३१ संकटात नेहमीचे नियम बाजूला ठेवायची मुभा देतं, एवढ्याच आधारावर ती चालते. नावही त्यावरूनच पडलं.

‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत १९९८ मध्ये ती पहिल्यांदा दिसली. डॉक्टर बशीरला तिचा माणूस भरती व्हायला सांगतो. बशीर नकार देतो आणि वरिष्ठांच्या कानावर घालतो. वरिष्ठ आणखी वर विचारतात. तिथून ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही. पुढे कळतं, की युद्ध जिंकण्यासाठी या संस्थेने शत्रूच्या अख्ख्या जमातीत जीवघेणा रोग सोडलाय. २०२५ मध्ये मिशेल यो हिला घेऊन ‘सेक्शन ३१’ नावाचा सिनेमाही आला.

यात भीती कशाची वाटते? हेरांची नाही. हेर तर सगळ्यांनाच लागतात. आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईकांचं नाव निघतं आणि छाती फुगते. पण बहिर्जींना जाब विचारायला वर महाराज होते. सेक्शन ३१ ला जाब विचारणारं कुणीच नाही. खरी भीती तिथे आहे.

आपल्याकडचं काय?

आता अंतराळातून खाली येऊ. आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो, ही इंग्रजांच्या काळातली, १८८७ पासूनची संस्था. देशाच्या आतली खबर ठेवणं हे तिचं काम. २१ सप्टेंबर १९६८ ला तिच्यातून परदेशी हेरगिरीचा भाग वेगळा काढला आणि ‘रॉ’ जन्माला आली. रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख. तेव्हा देशाचे गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आयबी ज्या खात्याखाली येते ते गृहखातं पुढे नांदेडच्या शंकरराव चव्हाणांनी आणि आपल्या लातूर जिल्ह्यातल्या शिवराज पाटील चाकूरकरांनीही सांभाळलं. म्हणजे हा विषय दिल्लीतला असला तरी आपल्यापासून फार लांबचा नाही.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. आयबी आणि रॉ या दोन्ही संस्था संसदेने कायदा करून स्थापन केलेल्या नाहीत. सरकारी आदेशावर त्या उभ्या आहेत. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये या संस्थांसाठी कायदा करावा म्हणून खासगी विधेयक आणलं होतं, पण ते मंजूर झालं नाही.

कलम २४ वाचलंय का?

चाकूरकर गृहमंत्री असतानाच, १२ ऑक्टोबर २००५ ला, माहिती अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. औसा तहसीलमध्ये १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं ते याच कायद्यामुळे. पण याच कायद्याचं कलम २४ सांगतं, की दुसऱ्या परिशिष्टातल्या संस्थांना हा कायदा लागू नाही. त्या यादीत आयबी आहे, रॉ आहे, ईडी आहे. २०११ मध्ये सीबीआयही त्यात गेली.

बरेच जण इथेच वाचन थांबवतात आणि ‘म्हणजे आपलंही सेक्शन ३१ च की!’ म्हणून मोकळे होतात. पुढची ओळ वाचा. भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप असतील, तर त्यासंबंधीची माहिती या सवलतीत बसत नाही. मानवी हक्कांच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि ४५ दिवसांत माहिती द्यायची असते. खिडकी लहान आहे, पण आहे. शिवाय यादीत नवी संस्था घालायची तर सरकारला तशी अधिसूचना काढून संसदेपुढे ठेवावी लागते. गुपचूप काही करता येत नाही.

एवढं पुरेसं आहे का? इतर देश यापुढे गेलेत. अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयएची झाडाझडती घेतली. परदेशी नेत्यांच्या हत्येचे कट, स्वतःच्याच नागरिकांची पत्रं फोडणं, असं बरंच बाहेर आलं. त्यानंतर सिनेटने गुप्तचर संस्थांवर लक्ष ठेवायला कायमची समिती नेमली. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून एमआय६ ला चौकटीत बसवलं आणि खासदारांची समितीही केली. या देशांची हेरगिरी त्यामुळे बंद पडली नाही. आपल्याकडे फक्त गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी संसदेची अशी वेगळी समिती अजून नाही.

हे आपल्याला कशाला हवं? कारण या संस्थांत आपल्यातलेच लोक जातात. आयबीच्या एसीआयओ पदाची जाहिरात आली, की औशापासून लातूरपर्यंतच्या अभ्यासिकांत फॉर्म भरायची घाई सुरू होते. २०२५ च्या जुलैमध्ये निघालेल्या भरतीत ३,७१७ जागा होत्या. संस्था गुप्त, पण जाहिरात सगळ्यांसाठी. जीएसच्या पुस्तकात आपण आयबीचं स्थापना वर्ष पाठ करतो. त्याच पानावर कलम २४ ची ती दुसरी ओळही पेन्सिलीने लिहून ठेवायला हरकत नाही. उद्या त्या खुर्चीत बसणाऱ्याला ती माहीत हवी आणि बाहेर उभं राहून प्रश्न विचारणाऱ्यालाही.

बशीरने काय केलं आठवतं ना? वरून काहीच उत्तर आलं नाही, तरी त्याने विचारणं सोडलं नाही. त्याच्याकडे तर माहिती अधिकाराचा अर्जही नव्हता.